वाटामॅडम

वाटामॅडमना कशाचंच नुसतं कौतुक करता येत नसे. चहा चांगला झालाय म्हटलं, तरी विचारत, "यात दुधाचा वाटा किती, करणाऱ्याचा किती आणि आज थंडी आहे म्हणून किती?" मोखाड्याची एसटी उशिरा आली, की ड्रायव्हरचा वाटा, घाटाचा वाटा. जव्हारच्या आम्हा शिक्षकांनी मग त्यांचं नावच तसं ठेवलं. त्यांना कळलं तेव्हा त्या मनापासून हसल्या.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्या पाड्यांवरच्या मुलांची वाचनचाचणी घ्यायला आल्या. त्यातून निवडलेली मुलं शहरातल्या निवासी शाळेत जाणार होती. प्रत्येक मुलाचं वाचन दोन शिक्षकांनी एकत्र बसून, दोन वेगळ्या दिवशी ऐकायचं, मार्क मात्र आपापले द्यायचे. मग मॅडम कॉम्प्युटरवर काढणार, की मार्कांतल्या फरकात मुलांचा वाटा किती, परीक्षकांचा किती, दिवसाचा किती. "मार्क पोराचे असतात असं आपण धरून चालतो, गुरुजी. बऱ्याचदा ते आपलेच असतात," त्या म्हणत.

परीक्षक होतो मोठे गुरुजी आणि मी. मोठ्या गुरुजींनी मला शिकवलेलं, नोकरीलाही त्यांनीच चिकटवलेलं. मूल वाचायचं थांबलं, की ते "शाब्बास" म्हणत, नाहीतर "बस". मी तेवढ्यावर मार्क टाकी. वेगळे मार्क देणं म्हणजे त्यांना खोटं पाडणं. आमच्यात तशी रीत नव्हती.

साखरशेतची मंगळी पहिल्या दिवशी नुसती पुटपुटली. दुसऱ्या खेपेला मात्र कोंबडीची गोष्ट अशी वाचली, की वाचता वाचता स्वतःच हसायला लागली. मोठे गुरुजी मध्येच म्हणाले, "बस." पहिल्या दिवशीचं पुटपुटणं त्यांच्या लक्षात होतं; दुसऱ्या दिवशी ते कुणाचाच निकाल बदलत नसत. मी तिच्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला नापास केलं.

कॉम्प्युटरचं उत्तर आलं तेव्हा मॅडम खुर्चीतून उठल्याच. "परीक्षकांचा वाटा शून्य! दिवसाचाही शून्य! सगळा पोरांचा!" मग जरा थांबून, "तुम्ही एकमेकांचं बघत नव्हता ना?"

"छे, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी विश्वास ठेवला. पुढच्या वर्षीपासून एकच परीक्षक, एकच दिवस पुरे, असं वर कळवलं. तो परीक्षक मी झालो.

काही वर्षांनी त्या पुन्हा आल्या. परतताना मी डेपोपर्यंत सोडायला गेलो. ठाण्याकडे कामाला निघालेल्या बायांत मंगळी बसली होती. भज्यांच्या कागदावरची बातमी मोठ्याने वाचत होती, मध्येच स्वतःच हसत होती. एक बाई म्हणाली, "थांबलीस कशाला गं मंगळे? पुढं वाच ना!"

मॅडम वळल्या. "ही साखरशेतची ना? हिला नापास केलं होतं."

"तेव्हा घाबरली असेल, मॅडम. दिवसाचा वाटा."

"दिवसाचा वाटा शून्य होता, गुरुजी."

एवढंच बोलून त्या गाडीत चढल्या. दर दिवाळीला येणारं त्यांचं पत्र नंतर कधी आलं नाही. चाचणी मी पुढेही घेत राहिलो. एकटाच.