जावई घाटावर गेले

माझ्या अंत्यविधीला मी हजर राहू शकलो नाही, कारण त्या दिवशी मी सायकलनं डोंगर चढायला गेलो होतो.

हे वाचायला विचित्र वाटेल. पण माझ्या सासुरवाडीला, म्हणजे पवनी तालुक्यातल्या आसगावाला, त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. ती सगळी मंडळी जीप भरून रडत भंडाऱ्याला आली आणि सासरे तर माझ्यावर भाषणही करून मोकळे झाले. चूक सगळी माझी. (बायकोचंही हेच मत आहे. लग्नानंतर आमचं एकमत झालेला हा पहिलाच विषय.)

गेल्या वर्षी मला रोड बाइकचं वेड लागलं. बारीक टायर, वाकडं हँडल आणि बूट पेडलमध्ये खटकन अडकून बसतात अशी ती सायकल. पहिल्यांदा बघायला आलेल्या सासूबाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "स्टँड नाई, कॅरिअर नाई, घंटी नाई. मंग याच्यात हाय तरी का?"

"भाऊजी हायेत ना वर," माझा साळा विलास म्हणाला.

तेव्हाच मी ठरवलं, या माणसाला काहीतरी करून दाखवायचं. मी रात्रंदिवस मोबाइलवर पुण्याकडच्या सायकलवाल्यांचे व्हिडिओ पाहायचो. ते लोक सारखे घाट चढत असतात. "आज हा घाट केला, उद्या तो घाट करणार." मलाही घाट करायचा होता. अडचण एकच होती. आमचा भागच धानाचा, म्हणजे भाताचा, आणि धानाला पाणी साचेल अशी सपाट जमीन लागते. अख्ख्या भंडाऱ्यात चढ म्हणावा असा एकच, तो म्हणजे कारध्याला जाताना वैनगंगेवरचा पूल. मग रोज सकाळी मी पूल चढायचो, पलीकडे उतरायचो, वळायचो आणि पुन्हा चढायचो. आठवड्याभरात ऑटोवाले गाडी हळू करून विचारायला लागले, "काका, काई पडलं का जी नदीत?"

शेवटी नागपूरच्या चार सायकलवाल्या मित्रांनी मला चिखलदऱ्याला न्यायचं कबूल केलं. लांबलचक, वळणावळणाचा चढ. जुलैचा शनिवार ठरला. ते चौघं पहाटे गाडी घेऊन यायचे होते.

आता एवढ्या मोठ्या कामगिरीची बातमी सासुरवाडीला कळायला नको? मी आदल्या संध्याकाळीच मजकूर तयार केला आणि बायकोला, वंदनाला, बजावलं, "मी निघालो की सकाळी हा तुमच्या घरच्या ग्रुपवर टाक. मी स्वतः टाकणं बरं दिसत नाही." फोटोही मीच निवडून दिला. मॉर्निंग वॉकच्या मंडळींनी मला झेंडूचा हार घातला होता, तो. त्यात माझे डोळे मिटलेले आले होते, पण पोट आत होतं.

मजकूर असा: "आपल्या सर्वांचे लाडके प्रकाशराव आज पहाटे घाटावर गेले. त्यांच्या जिद्दीला विनम्र अभिवादन."

घोळ झाला तो इथं. पुण्याकडे घाट म्हणजे डोंगरातला रस्ता असेल. आमच्याकडे कुणी घाटावर गेलं म्हटलं की त्याचा अर्थ एकच. आमच्या घाटावर माणूस आपल्या पायानं जात नाही, लोक नेतात. मी जन्मापासून भंडाऱ्यात राहतो, कित्येकांना घाटावर पोचवून आलो आहे. पण महिनाभर पुण्याचे व्हिडिओ पाहून मला माझीच भाषा आठवेनाशी झाली होती.

वंदना जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिनं घाईघाईत मजकूर टाकला, फोन आवाज बंद करून पर्समध्ये ठेवला, पर्स शाळेच्या कपाटात ठेवली आणि वर्गावर गेली.

तिकडे आसगावात त्या दिवशी सासऱ्यांच्या शेतात रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागायची होती. रोवणीच्या दिवसांत बाया मिळणं किती कठीण, हे धानवाल्यालाच ठाऊक. सासरे आठवडाभर बायांच्या मागं हिंडत होते. पऱ्हे, म्हणजे लावायची रोपं, वाढून चालले होते, आणि हा दिवस हुकला तर बाया दुसऱ्याच्या शेतात जाणार आणि मग कधी परत येतील याचा नेम नव्हता. बाया आल्या, पदर खोचले, चिखलाच्या बांधीत उतरणार तेवढ्यात शेताच्या कडेला धुऱ्यावर उभ्या असलेल्या विलासनं मोबाइल पाहिला.

त्यानं मला फोन लावला. मग सासऱ्यांकडे वळून म्हणाला, "बाबा, भाऊजी संपर्क क्षेत्राच्या बाहेर हायेत."

सासूबाई तिथंच चिखलात बसल्या.

सासऱ्यांनी हातातली पऱ्ह्यांची पेंढी खाली ठेवली. बायांना फक्त "मी येतो" म्हणाले, आणि गावातली काळीपिवळी जीप करून घरचे, भावकीतले, शेजारचे असे सगळे भंडाऱ्याला निघाले. (जीपमध्ये किती माणसं मावतात याचा अंदाज मला अशा प्रसंगी कधीच आलेला नाही.)

आमच्या घराला कुलूप. शेजारच्या मेश्रामकाकू अंगणात भांडी घासत होत्या.

"काकू, आमचे भाऊजी?" विलासनं विचारलं.

"ते त पहाटेच गेले ना घाटावर."

"एवढ्या लवकर नेलं?"

"पाण्याचे दिवस हायेत ना बाबू. नागपूरवरून चौघं आले होते गाडी घेऊन. आडवं टाकलं, दोरीनं कचकचून बांधलं, वरून चादर गुंडाळली आन् नेलं." (काकू सायकलीबद्दल बोलत होत्या. सायकल गाडीच्या टपावर बांधताना त्यांनी दारातून पाहिलं होतं.)

"आमच्यासाठी थांबले बी नाई," सासरे म्हणाले. "वंदना कुठी हाय?"

"शाळेत गेली."

आता मात्र सगळे हादरले. नवऱ्याला घाटावर पाठवून पोरगी शाळेत शिकवायला गेली, म्हणजे तिच्या डोक्यावर परिणाम झाला असणार. लगेच दोन तुकड्या झाल्या. बायका शाळेकडे गेल्या आणि पुरुषमंडळी वैनगंगेच्या घाटावर.

पुढचं मला विलासनं सांगितलं. तो ते प्रत्येक लग्नात, साक्षगंधात, अगदी माझ्यासमोरसुद्धा अभिनयासकट सांगतो.

घाटावर खरोखरच एक चिता पेटलेली होती. पाऊस भुरभुरत होता, पन्नासेक माणसं छत्र्या घेऊन उभी होती. एक गृहस्थ शोकसभा चालवत होते. "आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?" त्यांनी विचारलं.

आता इथं सासऱ्यांबद्दल एक सांगायला हवं. त्यांच्या भागात कुणीही गेलं तरी शोकसभेत ते बोलणारच. त्यांच्याशिवाय माणूस नीट गेला असं आसगावला वाटतच नाही. ते रडत होते, पण प्रश्न ऐकताच पाय आपोआप पुढे गेले.

"लोकहो," ते म्हणाले, "हा माहा जवाई."

गर्दीत थोडी चुळबूळ झाली. चितेवरचे गृहस्थ ब्याऐंशी वर्षांचे होते. सासरे अडुसष्टचे आहेत.

"याचं का जायाचं वय होतं? आता कुठी तो जगाले लागला होता. कालपावतर कारध्याच्या पुलावर सायकल चालवत होता."

गेलेले आजोबा तीन वर्षं अंथरुणावर होते. त्यांच्या तीन मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

"माह्या पोरीले त्यानं कधी आवाज चढवून बोललं नाई. आता माही पोरगी उघड्यावर पडली. तिचं जे हक्काचं असन ते तिले भेटलंच पाह्यजे, एवढीच माही इनंती हाय." हक्काचं म्हणजे माझ्या नोकरीमागं तिला मिळणारी पेन्शन, असं त्यांच्या मनात होतं. तिन्ही मुलांच्या मनात मात्र कारध्याकडचा बापाचा प्लॉट आला. भाषण संपताच ते सासऱ्यांभोवती उभे राहिले. थोरल्यानं अगदी खालच्या आवाजात विचारलं, "बाबूजी, आमच्या बाबाचं आन् तुमच्या पोरीचं... कधीपासून?"

त्याच क्षणी सासऱ्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. विलासनं त्यावर माझं नाव वाचलं आणि घाईनं तो त्यांच्या कानाला लावला.

इकडे मला चिखलदऱ्यात नुकतंच नेटवर्क आलं होतं. पहिला फोन अर्थातच सासऱ्यांना. त्यांच्या जावयानं काय केलंय ते त्यांना माझ्याच तोंडून कळायला हवं होतं.

"मामाजी," मी म्हणालो, "मी वर पोचलो."

मी तसाच पुढे सांगत सुटलो.

"इथं सगळीकडं ढगच ढग आहेत. फार शांत वाटतं. तुम्हीपण या एकदा सगळे."

सासऱ्यांनी मोबाइल कानापासून हातभर लांब धरला. "कोणाचा फोन हाय जी?" थोरल्यानं विचारलं. सासऱ्यांनी चितेकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "याचाच."

पन्नास छत्र्या एकदम मागं सरकल्या.

तोवर शाळेत सासूबाईंनी वंदनाला वर्गातून बाहेर ओढून कवटाळलं होतं. त्यांनी मोबाइल पुढे केला. वंदनानं माझा मजकूर पुन्हा वाचला आणि तिला हसू फुटलं. ते पाहून सासूबाईंनी हंबरडाच फोडला. शेवटी स्कूटीवर आईला मागं बसवून ती घाटावर पोचली आणि तिनं सगळा उलगडा केला. पण तिला येताना पाहून तिन्ही भाऊ आधी एका ओळीत हात जोडून उभे राहिले होते, हे विलास कधीच सांगायला विसरत नाही.

मी संध्याकाळी घरी पोचलो. दारात चपलांचा ढीग पाहून मला वाटलं, सत्काराला लोक जमले. हेल्मेट काढून हसतच आत शिरलो. कुणीच हसलं नाही. सासऱ्यांचे डोळे सुजलेले होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, हात दाबून पाहिला आणि म्हणाले, "चला. आधी त्या लोकायले तोंड दाखवा."

"कपडे बदलून येतो."

"काई गरज नाई."

अशा रीतीनं मी, मांड्यांना घट्ट बसलेल्या चकचकीत चड्डीत आणि टकटक वाजणाऱ्या बुटांत, एका अनोळखी घरी सांत्वनाला गेलो. तिन्ही मुलांनी मला नीट पाहून घेतलं. घाटावरच्या भाषणाची बातमी घरात आधीच पोचली होती. गेलेल्या आजोबांची पत्नी भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "हाच का तो जवाई?"

"हाव आजी," मी म्हणालो.

"बरं झालं बापा आला. मी त आमच्या बुढ्याचा फोटो उतरवून ठेवला होता." मग थोरल्याला म्हणाली, "लाव रे परत."

खिळ्यावर फोटो लागेपर्यंत मी कुठं पाहावं ते मला कळेना.

पण खरी लाज वाटली ती घरी परतल्यावर. आसगावहून फोन आला. रोवणीच्या बायांनी दुपारपर्यंत धुऱ्यावर वाट पाहिली आणि दुसऱ्याच्या शेतात निघून गेल्या. आठवडाभर तरी येणार नव्हत्या. सासऱ्यांनी फोन ठेवला आणि मला एका शब्दानंही बोलले नाहीत. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. जावई मेला म्हणून त्या माणसानं हातातली पेंढी खाली ठेवली होती, वर्षाचं धान तसंच सोडून आला होता, आणि वंदनाला मी आवाज चढवून बोलत नाही असं चारचौघांत सांगितलं होतं. आदल्याच संध्याकाळी जर्सी वाळली नाही म्हणून मी तिच्यावर ओरडलो होतो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, माझ्या मयतीला आलेली सगळी माणसं माझ्या सासऱ्यांच्या बांधीत उतरली. रडायला आलेल्या मावश्या, आत्या, शेजारी, विलास, वंदना आणि मी. गुडघाभर चिखल, पाठ वाकलेली, मांड्यांतून कळा. माझी ओळ इतकी वाकडी जात होती की सासूबाई मागून माझे पऱ्हे उपटून पुन्हा रोवत होत्या.

दुपारच्या सुमारास सासरे माझ्या शेजारी आले. आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदाच बोलले.

"जवाईबापू, एवढं सारं झालं, होऊ द्या. घाट त पुरा चढले ना?"

ओळीतली सगळी माणसं थांबली. विलासनं तर कान माझ्याकडेच केला होता.

"थोडा राहिला," मी म्हणालो.

"थोडा म्हणजे?"

"अर्ध्याच्या वर."

मग सांगावंच लागलं. पुलाची सवय झालेल्या माणसाला वाटतं, चढ आहे म्हणजे पलीकडे उतार येईलच. मी प्रत्येक वळणावर कारध्याचा उतार शोधत होतो आणि पुढे नवा चढ दिसत होता. अखेर दोन्ही मांड्यांत गोळे आले, बूट पेडलमध्ये अडकलेलेच राहिले आणि मी सायकलसकट रस्त्यावर पडलो.

"मंग तुमी वर कसे पोचले?"

"चौघांनी उचललं," मी चिखलाकडे बघत म्हणालो. "गाडीत आडवं टाकलं. भिजलो होतो, म्हणून वरून सायकलची चादर घातली. आणि नेलं."

 सासऱ्यांनी नवी पेंढी सोडली, निम्मी माझ्या हातात दिली आणि अगदी समाधानानं म्हणाले, "म्हणजे माहं भाषण काई चुकलं नाई."

ते पुढच्या बांधीत गेले. मागं विलास हसून हसून चिखलात बसला होता. मी पुन्हा वाकलो. रोवणीचं एवढं बरं असतं की ती दिवसभर मान खाली घालूनच करायची असते.