पंचवीस मिनिटांचा तास

हिवाळ्याचं वेळापत्रक नोटीस-फळ्यावर लागलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आमचे हे म्हणतात, बरं आहे की, तेवढीच ऊब. त्यांना काय जातंय बोलायला!

शाळेत चित्रकला शिकवायला लागून मला एकोणीस वर्षं झाली आणि एकोणीस हिवाळे माझ्याच तासाला कात्री लागली. सकाळी धुकं असतं म्हणून शाळा अर्धा तास उशिरा भरते. संध्याकाळी लवकर अंधारतं म्हणून सुटते मात्र लवकर. मग मधला वेळ आणायचा कुठून? गणिताला हात लावायची कुणाची छाती नाही, विज्ञानाचे प्रयोग असतात, राहता राहिली चित्रकला. कुणीही यावं आणि टिकली मारून जावं. चाळीस मिनिटांचा तास पंचवीसवर येतो. त्यातली पाच मिनिटं हातमोजे काढण्यात जातात, पाच हात चोळण्यात. उरलेल्या वेळात ब्रश धरला तर तो थरथरतो.

यंदाही मोठ्या सरांकडे, म्हणजे मुख्याध्यापकांकडे, मी भांडायला गेले. गणिताचे सर तिथंच होते. म्हणाले, झाड काय पंचवीस मिनिटांत काढलं काय आणि चाळीसमध्ये काढलं काय. मी म्हटलं, रंग वाळावा लागतो, थंडीत तो वाळत नाही. दोघंही हसले. मी तणतणत बाहेर आले.

एरवी मी गिळलं असतं. पण यंदा शेवटच्या वर्गात ठिपकी होती. प्रत्येक रंग आधी कागदाच्या कोपऱ्यात ठिपका देऊन बघायची, म्हणून मुलींनी तिला हे नाव पाडलं होतं. पोरगी अबोल, पण हात असा की मला हेवा वाटावा. शहरातली चित्रशाळा दरवर्षी शाळांकडून चित्रं मागवते आणि ज्यांची निवडते त्यांना प्रवेश देते. ठिपकीच्या वडिलांनी एकदाच सांगून टाकलं होतं, चित्र निवडलं गेलं तर चित्रशाळेत जा, नाहीतर शाळा संपली की काकांच्या दुकानात बसायचं. चित्रावर मुख्याध्यापकांची सही लागते आणि शुक्रवारी चारच्या आत ते टपालात पडायला हवं होतं.

धुक्यातली एक गल्ली तिनं चार तास लावून रंगवली. बुधवारी शेवटचा हात फिरवला आणि घंटा झाली. एरवी ओले कागद मी बाकांवर पसरून ठेवते. त्या दिवशी गणिताचे सर दारात उभे राहून घड्याळ दाखवायला लागले. माझं डोकं फिरलं. वर्गातल्या सातही मुलींचे कागद गोळा केले, एकावर एक ठेवले आणि कपाटात कोंबून दार आपटलं. पहिलीतल्या पोरालाही कळतं की ओले कागद असे ठेवत नाहीत. मी शेण खाल्लं, दुसरा शब्द नाही.

गुरुवारी सकाळी कपाट उघडलं तर सगळ्यांचा एक गठ्ठा झालेला. सोडवताना ठिपकीचं अख्खं आभाळ वरच्या चित्राच्या पाठीला चिकटून आलं. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं दोन्ही कागद उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "बाई, दुसरा कागद आहे का?"

कागद होता, पण वर्गात तो वाळणार कसा? अख्ख्या शाळेत हीटर एकच, तोही स्टाफरूममध्ये, आणि तिथं मुलींना यायला बंदी. मी तिला हाताला धरून आत नेलं. हीटरभोवती कोंडाळं करून बसलेल्या सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, दोन दिवस ही इथं बसणार, ज्याला तक्रार करायची त्यानं खुशाल करावी. तक्रार कुणी केली नाही, पण खुर्चीही कुणी हलवली नाही. ठिपकी मागच्या टेबलाशी बसून रंगवायची आणि अधूनमधून दोन खुर्च्यांच्या फटीतून कागद हीटरपुढं धरायची. मी डोकावलं की तिचा हात अडतो, म्हणून मी बघायला गेले नाही.

शुक्रवारी दोन वाजता तिनं चित्र समोर ठेवलं. गल्ली नव्हतीच. हीटरभोवती दाटीवाटीनं बसलेले आम्ही नऊ जण होतो, सगळ्यांच्या पाठी बघणाऱ्याकडं. गणिताच्या सरांनी बूट काढलेले, आणि टाचेला फाटलेला मोजासुद्धा तिनं सोडला नव्हता. सगळ्यात पुढं मी, माझी तपकिरी शाल, दोन्ही हात हीटरवर पसरलेले.

मोठ्या सरांनी चित्र पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. असलं काही शाळेबाहेर जाणार नाही, म्हणाले, दुसरं काढायला सांगा. दुसरं कधी काढणार? दोन तास राहिले होते.

"सर, सगळ्यात पुढं मी बसलेय त्यात," मी म्हटलं. "मला चालतंय. करा सही."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग सही केली. मी धावतपळत टपाल कचेरी गाठली तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती.

थंडी ओसरता ओसरता पत्र आलं. चित्र निवडलं गेलं होतं. ठिपकी पाया पडायला आली, तेव्हा इतके दिवस मनात खुपत असलेलं मी विचारून टाकलं. म्हटलं, बाकीच्यांचं सोड, पण तुमच्यासाठी दरवर्षी भांडते ती मीच ना? मग मलाच का बसवलंस सगळ्यात पुढं?

तिनं मान खाली घातली.

"बाई, मधल्या सुट्टीत आम्हाला वर्गाबाहेर काढतात ना, तेव्हा स्टाफरूमच्या दाराच्या काचेतून दिसतं. तुम्ही रोज तिथंच बसता."