व्हिसाच्या आठवड्यातला प्रयोग

रविवार, चौदा डिसेंबर. दुपारी नवऱ्याच्या कोटाची शिवण उसवत बसले होते. संध्याकाळी सात वाजता हौशी नाट्यस्पर्धेत आमचा प्रयोग होता आणि कोट त्याला पोटावर बसत नव्हता. नाटक त्यानेच लिहिलेलं, बापाचं काम तोच करणार. तरुणपणी दोनदा व्हिसा नाकारला गेलेला बाप आणि त्याच्याऐवजी अमेरिकेला निघालेली मुलगी, अशी गोष्ट. फार काही रचावं लागलं नव्हतं. नवऱ्यालाच खरोखर दोनदा व्हिसा नाकारला गेला होता. मुलीचं काम आमचीच मुलगी करत होती, आणि येत्या गुरुवारी मुंबईला तिची व्हिसाची खरी मुलाखत होती.

तीच येऊन समोर बसली.

"आई, मले नाही जायचं अमेरिकेले. नर्सरीतच काम करीन मी."

ती शेतकी पदवीधर. नरखेडकडे संत्र्याची कलमं तयार करणाऱ्या नर्सरीत वर्षभर जात होती. नवऱ्याच्या लेखी तो व्हिसा येईपर्यंतचा टाइमपास होता.

"बाबाले सांगितलं?"

"तू सांग ना वं."

"मी नाही. तूच सांग. अन् आज तर बिलकुल नाही. प्रयोग होऊ दे."

ती उठून गेली. मी कोटाला टीप घातली.

प्रॉम्प्टिंग माझ्याकडे असतं. विंगेत संहिता घेऊन उभं राहायचं. नट अडकला की मनात तीन मोजायचे आणि पुढच्या वाक्याचे पहिले शब्द हळूच द्यायचे. वीस वर्षं हेच करते आहे. दोन अंक ठीक गेले. तिसऱ्यात बाप विचारतो, "जाशील ना बाई, माझ्यासाठी?" मुलीने म्हणायचं, "जाईन बाबा, तुमच्यासाठीच जाईन," आणि पाया पडायचं.

ती बोललीच नाही.

मी तीन मोजले. "जाईन बाबा," विंगेतून दिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. वाक्य तिला आठवत होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. तरी मी पुन्हा दिलं, जरा मोठ्याने. पहिल्या रांगेतून कोणी तरी ओरडलं, "आमाले पाठ झालं ना बाप्पा, तिलेच नाही येऊन राहिलं!" लोक हसले.

"नाही जात मी, बाबा," ती म्हणाली.

तिच्या डोक्यावर ठेवायला उचललेला नवऱ्याचा हात तसाच राहिला. त्याने विंगेकडे पाहिलं. संहिता माझ्या हातात होती, पण त्यातलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं.

"काहून वं?" अखेर त्याने विचारलं.

"तुमाले जायचं होतं. मले कोणी इचारलंच नाही."

तो दोन पावलं पुढे आला. मग प्रेक्षकांकडे वळून म्हणाला, "घ्या! तिकडच्यायनं दोनदा नाही म्हटलं, आता घरातूनबी नाही!" हशा झाला, टाळ्या पडल्या. मी घाईने पडदा पाडायची खूण केली.

मेकअप रूममध्ये तो रंग पुसत बसला होता.

"तुले माहीत होतं?"

"दुपारपासून."

"अन् तरी तू तिले 'जाईन' म्हणायले लावून राहिली होती? दोनदा?"

"नाटक पडलं असतं."

"नाटक गेलं उडत."

मुलगी दारात उभी होती. तिने पुढे होऊन त्याला पाण्याची बाटली दिली. माझ्याशी मात्र हुडकेश्वरला घरी पोहोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

सकाळी मी उठले तेव्हा ती पहिल्या एसटीने कामावर निघून गेली होती. नवरा चहा पीत होता. मी लॅपटॉपवर मुलाखतीचं पान उघडून त्याच्यासमोर ठेवलं.

"रद्द करू?"

"मले काय इचारून राहिली? तिले इचार."

मी तिला फोन लावला. मागे गाडीचा खडखडाट होता. "मुलाखत रद्द करायची का?" मी विचारलं. ती लगेच बोलली नाही. मी मनात तीन मोजले, आणि पुढेही मोजत राहिले.

"कर," ती म्हणाली.

मी मुलाखत रद्द केली, आणि मग मुंबईची तिकिटंही.