पैठणीतला खो-खो आणि आईचे बूट

आता कुठून सुरुवात करू? फजित्या माझ्या पुष्कळ झाल्यात; पण गळ्यात शिट्टी अडकवून, पंचवीस बायकांच्या साक्षीने करून घेतलेली एकच!

चार वर्षं झाली. मी नुकतीच बीए झाले होते आणि येत्या शुक्रवारपर्यंत जग बदलायचं ठरवलं होतं. सुरुवात अर्थातच नाशिकच्या आमच्या कॉलनीच्या मैदानापासून. तुमच्याही कॉलनीत असेल तसलं. मधोमध पोरांचं क्रिकेट, आणि बायका कुंपणाच्या कडेकडेने चालणार. चेंडू लागला तर वर ‘सॉरी’ही आपणच म्हणायचं!

मी गेटवर कागद चिकटवला: ‘महिलांसाठी खो-खो. रोज संध्याकाळी पाच.’

किती जणी आल्या? एक. तीही मीच.

चार दिवस दोन खांबांच्या मध्ये मी एकटी तिसरा खांब होऊन उभी. “पाणी यायची वेळ गं ती,” एक काकू म्हणाल्या. “सासरे बाल्कनीत बसतात ना,” दुसऱ्या. “मला पळताना बघितलं तर पोराची सोयरीक मोडेल,” तिसऱ्या. संतापून घरी आले आणि भांडी आपटली. (आईने घासलेली.)

आई पोळ्या लाटत होती. “हळदीकुंकू म्हण,” ती म्हणाली. “त्याला कुठल्याच घरातून नाही म्हणत नाहीत.”

“आई! बाईने खेळायलाही कारण द्यायचं?”

“नको देऊस. उभी राहा एकटी.”

आईला या खेळातलं कळायचं. कळवणच्या शाळेत ती खो-खोच्या संघात होती. दहावी झाली, लग्न झालं, खेळ तिथेच राहिला. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही. फक्त टीव्हीवर कुणी धावताना दिसलं की आमच्याकडे पोळी करपायची.

संक्रांत नुकतीच झाली होती. मी तत्त्वांना मुरड घातली आणि नवा कागद लावला: ‘रविवारी पाच वाजता मैदानावर हळदीकुंकू. सगळ्या म्हणजे सगळ्यांनी यावं.’ खो-खोचं नाव नाही. गनिमी कावा!

“आणि मी?” आईने विचारलं.

“तू तर हवीसच गं! पंचवीस जणींचे पोहे कोण करणार?”

तिने पोह्यांचा डबा खाली काढला. “तुझे ते कॉलेजचे जुने बूट… टाकायचेत का?”

“दे ना भंगारात,” मोबाइलमधून डोकं वर न काढता मी म्हणाले.

रविवार उजाडला. मैदान तासभर द्या म्हणून मी क्रिकेटवाल्यांना दोन पानी निवेदन दिलं होतं, तेव्हा हसले होते लेकाचे. ‘हळदीकुंकू आहे’ म्हटल्यावर स्टंप उपटले आणि वर मैदान झाडून दिलं!

आणि बायका आल्या. अहो, पंचवीस! पैठण्या, नथी, गजरे. समोर मी, ट्रॅक पँट आणि शिट्टी.

“वाण काय लुटणारेस गं?”

मी शिट्टी फुंकली. “खो-खो!”



“फसवलंस होय आम्हाला?” एका काकूंनी नथ सावरली. निम्म्या बायका वळल्या. मी घाईघाईने भाषण सुरू केलं, “भगिनींनो, मैदान आपलंही आहे…” उरलेल्या निम्म्याही वळल्या.

तेवढ्यात शेवंतामावशी पुढे आल्या. मखमलाबादहून फुलं आणून त्या आमच्या गेटपाशी गजरे विकायच्या. “आता आलोच हाय तं खेळू की! घरी काय सांगून आल्या? हळदीकुंकू. मंग अंधार पडेस्तोवर कोण इचारतंय?”

त्यांनी पदर खोचला, कासोटा मारला आणि चपला भिरकावल्या.

मग जे झालं ते अजून डोळ्यांपुढे आहे. पैठण्या गुडघ्यापर्यंत, नथी पर्समध्ये, गजऱ्यांचा सडा. कुणी आपल्याच जावेला बाद केलं आणि बारा वर्षांचं उट्टं काढल्यासारखी नाचली. बाल्कनीतले सासरे उठून उभे राहिले, पण हळदीकुंकवाला बोलणार काय? हसणं तर असं, की त्या बायकांना तसं हसताना मी कधी ऐकलंच नव्हतं.

दिवेलागणीला आई पातेलं घेऊन आली. “संपलं?”

“अगं, काय खेळल्या म्हणून सांगू! कॉलनीतली एक बाई घरी राहिली नाही!”

शेवंतामावशींनी आईकडे बोट केलं. “आन् ही? ही बाई न्हाई व्हय?”

मी खाली पाहिलं. आईच्या साडीखाली माझे जुने बूट होते. नाड्या दुहेरी गाठ मारून घट्ट बांधलेल्या.

सासरे नाहीत, पाणी नाही, लोक नाहीत. आमच्या घरातला अडथळा ट्रॅक पँट घालून शिट्टी वाजवत होता!

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी निघाले, तर पाठीत थाप पडली. “खो!” आईने माझ्या हातात उलथणं दिलं, शिट्टी काढून घेतली आणि गेली.

तेव्हापासून तसंच चाललंय. आईला मैदानात अजून कुणी बाद करू शकलेलं नाही. आणि माझे पोहे अजून कुणी संपवू शकलेलं नाही.