उलट्या आट्यांची

गाडी वडिलांनी माझ्या नावावर केली होती, पण उभी होती भावाच्या अंगणात, सिहोऱ्याला. पुढच्या दोन्ही चाकांची बेअरिंगं गेलेली; चार पावलं ढकलली तरी घूं घूं करायची. भावाला तिथे धानाची पोती रचायची होती.

"ताई, शनिवारी भंगारवाला येऊन राहिला," तो म्हणाला. "तोवर आपल्या चाकानं बाहेर निघाली तं तुझी, नाही तं त्याची."

माझं डोकं सणकलं. शाळेत चार दिवसांची रजा टाकली, तुमसरहून बेअरिंगं आणि ग्रीस आणलं आणि त्याच्याच अंगणात पदर खोचून बसले.

उजवं चाक एका सकाळीत झालं. जॅक लावला, खाली लाकडी ठोकळा सरकवला, चाकावरची टोपी काढली, पिन काढली, नट सोडला. जुनं बेअरिंग हातात फिरवलं तर आत वाळू भरल्यासारखं खरखरलं. नव्यात तळहातानं ग्रीस दाबून भरलं, बसवलं. चाक एका बोटानं फिरलं, आवाज न करता. मी एकटीच मोठ्यानं हसले. वहिनीनं खिडकीतून डोकावून पाहिलं.

डाव्या चाकाचा नट मात्र हलेना. पान्याला लोखंडी पाइप अडकवून दोन दिवस ओढलं, तळहात सोलवटले. गावातला मेकॅनिक लांबूनच बघून म्हणाला, "जाम झाला बाई. कापा लागते. हे बायाईचं काम नोहे." त्याला मी चहासुद्धा विचारला नाही.

शुक्रवारी दुपारी चिंधीनं नटापुढचं आसाचं टोक पुसताना आटे नीट दिसले. उजवीकडचे जिकडे तिरपे होते, त्याच्या बरोबर उलट. म्हणजे हा नट उलटा सुटतो! दोन दिवस मी तो सोडवत नव्हतेच, आणखी आवळत होते. स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली आणि पाइप दुसऱ्या बाजूला ओढला. कट्कन आवाज झाला, नट सुटला.

शनिवारी भंगारवाल्याचा टेम्पो फाटकात शिरत होता, तेव्हा मी गाडी सुरू करून त्याच्यासमोर हॉर्न वाजवत होते. टेम्पो त्यालाच मागे घ्यावा लागला.

"तू तं उलट्या खोपडीचीच हायेस!" भाऊ ओरडला.

"उलट्या आट्यांची," मी म्हटलं. "तू जितका जोर लावशीन, तितकी घट्ट होईन."