पावलो, पण दाबोळीला

आता मोपाला विमानतळ झाला आणि विमानं आमच्या पेडण्याच्या कौलांवरून जायला लागली. माझी सून मुंबईहून सकाळी निघते नि जेवायला घरी असते. माझ्या लग्नात याच तासाभराच्या विमानानं माझा जीव टांगणीला लावला होता, हे तिला सांगून पटत नाही.

तेव्हा गोव्याला नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता आणि घरोघरी मराठी की कोकणी हाच वाद. आमचे बाबा मराठीवाले, मुंबईत नोकरीला असलेला माझा एकुलता भाऊ कोकणीवाला. दोघं तावातावानं भांडायचे ते मात्र आमच्या एकाच पेडणेकरी बोलीत. शेवटी बोलणंच तुटलं. दोन वर्षं भाऊ घराकडे फिरकला नाही. मी त्याला निरोप धाडला, नवऱ्याचा कान पिळायला सख्खा भाऊ नसेल तर मी बोहल्यावर चढत नाही. मी तशी पहिल्यापासून तोंडाळ. विमानानं येतो, असं त्यानं आदल्या दिवशी कळवलं.

लग्नाच्या सकाळी नाक्यावरचा दुकानदार धावत मांडवात आला. फोन त्याच्याकडेच होता. "तुमचो भाव पावलो," म्हणाला. पावलो म्हणजे पोचला. आई आरती घेऊन दारात, बाबा रस्त्यावर जाऊन उभे. खूप वेळ कोणीच आलं नाही. बाबा परतले ते तोंड पाडून. "आयलो आसतलो नि माका बघून परत गेलो," एवढंच आईला म्हणाले.

अक्षता पडल्या. होमापाशी भटजींनी कान पिळायला भावाला हाक मारली, तसा चुलतभाऊ उठला. मी डोळे वटारले, पण माझ्याआधी बाबाच बोलले, "तू बस. थांबूया." भटजी कुरकुरले, व्याही चुळबुळले. बाबा ढिम्म.

अखेर दारात पायलट थांबला. पायलट म्हणजे आमच्याकडचा भाड्याचा मोटारसायकलवाला. त्याच्या मागे बॅग मांडीवर घेऊन माझा भाऊ, धुळीनं लालेलाल. "पावलो म्हटलं तां दाबोळीक रे," तो दुकानदारावर डाफरला. दाबोळी म्हणजे गोव्याच्या पार दुसऱ्या टोकाचा विमानतळ; विमानातून उतरल्या उतरल्या त्यानं तिथूनच फोन केला होता. तिथून पुढे बस, पणजीचा पूल पडलेला म्हणून फेरीबोटीची रांग, मग पुन्हा बस. मुंबई परवडली, पेडणे लांब. मला हुश्श झालं.

"उशीर केलंस," बाबा म्हणाले.

"पूल ना."

"माका म्हायत आसा."

मी मुंडावळ्या बाजूला सारून म्हटलं, "भाषेवरून भांडायचं तर जेवणं झाल्यावर. आधी कान."

बाबांना हसू फुटलं. "बरो पीळ," ते भावाला म्हणाले, "माझ्या वाट्याचोय."

भावानं दोघांच्याही वाट्याचा असा पिळला की नवरा कळवळला, आणि मी भर मांडवात मोकळी होऊन रडले.