चारशेच्या खांबापुढच्या सहा ढांगा

रायपूरच्या गुढियारीत दयारामचं धान्याचं दुकान आहे, आणि दुकानाच्या दारात वजनकाटा आहे. त्या काट्यावर दिवसभर तांदळाचे कट्टे चढतात. गेले पंधरा दिवस रोज सकाळी सात वाजता, पहिल्या कट्ट्याच्याही आधी, इंद्रजीत गजभिये चढत होता.

"बावन्न चारशे," दयाराम सांगायचा. "भैया, बढ़ गया थोड़ा."

"हव," म्हणून इंद्रजीत उतरायचा आणि घरी जायचा. बावन्न असो की ब्याण्णव, त्याच्या तोंडावरची रेघ हलत नव्हती. दयारामला हे बरं वाटत नव्हतं. याच काट्यावर त्याने या माणसाला शाळकरी वयापासून तोललं होतं. दहावीत असताना इंद्रजीत एकोणचाळीस किलोचा निघाला, तेव्हा अख्ख्या पाऱ्याने, म्हणजे मोहल्ल्याने, ठरवून टाकलं होतं, की याच्या पोटात जंत तरी आहेत किंवा याच्या नशिबात काही नाही. नशिबात घोडे होते. नागपूरच्या मामाने त्याला दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात जॉकींच्या शाळेत घातलं, आणि जी अंगकाठी रायपुरात थट्टेचा विषय होती, तिला तिकडे लोक शाबासकी देऊ लागले.

त्याला आता सतरा वर्षं झाली होती. इंद्रजीत चौतीस वर्षांचा होता, आणि पाऱ्यातल्या निम्म्या लोकांची अजून अशी समजूत होती, की तो सर्कशीत आहे.

त्याचे वडील गुलाबराव मात्र मुलाचा धंदा नीट समजून होते, म्हणजे त्यांनी तो रेल्वेत बसवून घेतला होता. गुलाबराव एकतीस वर्षं मालगाडीचे ड्रायव्हर होते. कोळसा, लोखंड, सिमेंट, पुन्हा कोळसा. मेल गाडीवर बढती मिळायची ती डोळ्यांच्या तपासणीत राहिली, आणि ते दुःख ते दर रविवारी चहाबरोबर घेत. म्हणून दोन वर्षांपूर्वी इंद्रजीतने फोनवर सांगितलं, की आता मी 'मिडनाइट मेल' नावाच्या घोडीवर बसतो, तेव्हा त्यांनी गोल बाजारातून दोन किलो पेढे आणून वाटले.

"घराण्यातली पहिली मेल गाडी हाये," ते प्रत्येकाला सांगत. "मालगाडीवाल्याच्या पोट्ट्यानं काढली."

तबेल्यात तिला मिनी म्हणत. ही मिनी वीस दिवसांपूर्वी, एका रविवारी दुपारी, धावता धावता मोडली.

शर्यत चौदाशे मीटरची होती. वळण संपून सरळ रस्ता लागतो तिथे चारशे मीटरचा खांब आहे. वळणावर घोडा एका पायावर भार ठेवून धावतो, आणि सरळ रस्ता लागला की भार दुसऱ्या पायावर घेतो. जॉकी याला 'पाय बदलणं' म्हणतात. बदलताना एक हेलकावा बसतो, तो बसायचाच. मिनीने पाय बदलला, हेलकावा बसला, ती दुसऱ्या नंबरावर होती. आणि मग आणखी एक हेलकावा बसला. छोटासा. अंधारात नसलेल्या पायरीवर पाऊल टाकावं तसा. तो लगामातून सरळ इंद्रजीतच्या हातांत आला.

अशा वेळी जॉकीने काय करायचं हे शाळेत पहिल्या महिन्यात शिकवतात. अंग उचलायचं, हात ओढून घ्यायचे, घोडा थांबवायचा. शर्यत गेली तर गेली. इंद्रजीतने हे नव्या पोरांना स्वतः शिकवलं होतं.

तो सहा ढांगा पुढे गेला. सातव्या ढांगेला मिनीचा उजवा पुढचा पाय गेला.

त्यानंतरचं सगळं त्याने बरोबर केलं. ती पडण्याआधी तिला सावरून थांबवलं, उतरला, पाठीवरचं खोगीर काढलं, आणि डॉक्टर येईपर्यंत तिचं डोकं छातीशी धरून उभा राहिला. ती तीन पायांवर उभी होती. तिचे कान पुढे होते, बाकीचे घोडे कुठे गेले ते ती बघत होती. मग घोड्याला कायमचं झोपवताना लावतात तो हिरव्या कापडाचा पडदा आला, आणि डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पडद्याबाहेर पाठवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्तमानपत्रात आलं, की जॉकीने प्रसंगावधान दाखवलं.

रायपूरला आला तेव्हा त्याच्याजवळ एक बॅग होती आणि खोगिराची पिशवी. पिशवी त्याने दिवाणाखाली ढकलली. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याला शर्यतीत बसायला मनाई होती. मंगळवारी अकरा वाजता व्हिडिओवर सुनावणी होती, आणि तिथे प्रश्न एकच असणार होता: पहिल्यांदा कधी जाणवलं?

मिनीच्या ट्रेनरसाहेबांनी फोन करून उत्तर देऊन टाकलं होतं. "बोल देना, लगा पाँव बदल रही है. फिल्म में भी कुछ नहीं दिखता. बात खतम."

फिल्ममध्ये खरंच काही दिसत नव्हतं. ते सहा ढांगांचं प्रकरण जगात फक्त एका माणसाच्या हातांना माहीत होतं. न सांगितलं तर लायसन्स शाबूत, सांगितलं तर गेलं. आणि घोड्यावर बसण्यापलीकडे इंद्रजीतला दुसरं काही येत नव्हतं. त्याला स्कूटरसुद्धा येत नव्हती.

त्याची बायको भावना नवा रायपुरात एका सरकारी खात्यात होती. तिने ट्रेनरसाहेबांचं उत्तर व्यवस्थित लिहून काढलं, कारण तिला काहीही व्यवस्थित लिहून काढल्याशिवाय झोप लागत नसे.

"'सदर घोडीने वळणानंतर पाय बदलल्याचे मला वाटले,'" तिने वाचून दाखवलं. "बरं आहे ना?"

"सदर घोडी," इंद्रजीत म्हणाला.

"मग काय श्रीमती घोडी लिहू? हिंदीत करून देते. तुम्ही फक्त वाचायचं. वाचाल ना?"

"वाचतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या मनगटावर डास बसला होता, चांगला रक्त पिऊन टम्म झाला होता, आणि इंद्रजीत त्या डासाकडे नुसता बघत होता. शेवटी तिनेच मारला.

घरात सगळ्यात आनंदी होत्या त्याच्या आई, कांताबाई. सतरा वर्षांत प्रथमच मुलाला पोटभर वाढता येत होतं. एरवी तो सुट्टीवर यायचा तो अर्धी पोळी आणि लिंबूपाणी यावर राहायचा आणि दारातून जाताना ताटाकडे बघायचाही नाही. आता त्यांनी तांदळाच्या पिठाचा चीला, वाफवलेला फरा, वांग्याचं भरीत, अंड्याचा रस्सा, असा मारा सुरू केला. तो मुकाट सगळं संपवायचा. एका गुरुवारी त्या घाईत रश्श्यात मीठ घालायला विसरल्या. गुलाबरावांनी पहिल्या घासालाच कपाळाला हात लावला. इंद्रजीतने वाटी पुसून खाल्ली आणि उठून हात धुतले.

त्या दिवसापासून कांताबाईंचा आनंद जरा उतरला.

सोमवारी संध्याकाळी गुलाबराव दिवाणावर येऊन बसले. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे रुळांवरूनच बोलावं लागे.

"तू कोणत्या खांबापाशी मेमो देला?"

"कसला मेमो, बाबा?"

"झटक्याचा."

इथे गुलाबरावांची कीर्ती सांगणं भाग आहे. गाडी चालवताना रुळावर झटका जाणवला, तर ड्रायव्हरने पुढच्या स्टेशनात गाडी थांबवून स्टेशन मास्तरला लेखी कळवायचं असतं: अमुक किलोमीटर, अमुक खांब. मग मागची गाडी थांबते, माणसं रूळ तपासायला जातात, साहेब चिडतात. म्हणून पुष्कळ ड्रायव्हर लहानसहान झटका गिळून टाकतात. गुलाबरावांनी एकतीस वर्षांत एकही गिळला नाही. बिलासपूरपासून दुर्गपर्यंतचे स्टेशन मास्तर त्यांची गाडी येते म्हटलं की पेनाचं टोपण काढून बसत. त्यांचं नावच पडलं होतं 'झटकेराव'. एकदा तर चार गाड्या तासभर अडकल्या, आणि गँगमनला रुळावर सापडला चेपलेला डालड्याचा डबा. ही गोष्ट गुलाबराव स्वतःच हसत हसत सांगत. दोनदा खरंच तुटलेला रूळ सापडला होता. ते मात्र ते सांगत नसत. ते काय सांगायचं?

"रुळाले बी फ्रॅक्चरच म्हणतात," ते आता म्हणाले. "एकदम नाही होत. आधी सांगते तो. बुडाखाली सांगते."

"मेनीनं हातात सांगतलं," इंद्रजीत म्हणाला. मिनीचं नावसुद्धा त्याच्या तोंडून धड निघालं नाही.

"तेच म्हणतो मी. मग तू लिहून देलंच असशील. पण खांब नंबर टाकला का? खांब नंबर नसला तं मेमो कामाचा नाही राहत. मी तेवढंच इचारून राहिलो."

ते अगदी साधेपणाने विचारत होते. पोराला झटका लागला आणि त्याने कळवला नाही, अशी काही गोष्ट असू शकते, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. इंद्रजीतने मान खाली घातली. गुलाबरावांनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला, आणि ते बातम्या लावायला गेले.

मंगळवारी भावनाने अर्धी रजा टाकली. लॅपटॉप शिलाई मशीनवर ठेवला, मागे स्वच्छ चादर लावली, समोर कागद चिकटवला. कांताबाईंना स्वयंपाकघरात कोंडून कुकर बंद करायला लावला. गुलाबराव कॅमेऱ्याच्या बाहेर, समोरच्या खुर्चीवर बसले. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि मांडीवर जुनं मेमो बुक होतं. निवृत्तीला अकरा वर्षं झाली तरी ते त्यांनी जपून ठेवलं होतं. मध्ये कार्बन घातलेला होता, हातात पेन्सिल.

पडद्यावर रेस क्लबचे तीन साहेब आले. मधल्याने इंद्रजीतची विचारपूस केली, मग विचारलं, "इंद्रजीत, आपको पहली बार कब लगा, कि घोड़ी में कुछ गड़बड़ है?"

इंद्रजीतने कागदाकडे बघितलं. भावनाचं अक्षर छान होतं. "मुझे लगा..." त्याने वाचलं. मग नजर कागदावरून घसरली आणि पलीकडे गेली. गुलाबराव पेन्सिल टेकवून बसले होते. खांब नंबराची वाट बघत होते.

"चार सौ के खंभे के बाद, सर," तो म्हणाला.

"पाँव बदलने का झटका?"

"नहीं सर. पाँव वो बदल चुकी थी. ये दूसरा था. आगे का, दाहिना."

"उसके बाद आप कितना चले?"

"छह ढांग."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. भावनाने डोळे मिटले.

"रोका क्यों नहीं?"

"दूसरे नंबर पर थे, सर. लगा, निभा लेगी."

गुलाबरावांची पेन्सिल चालली होती, मग थांबली. त्यांनी मुलाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान खाली घालून उरलेली ओळ पुरी केली.

साहेबांनी वीस मिनिटांनी निकाल सांगितला. सहाव्या ढांगेआधी थांबवलं असतं तर घोडी वाचली असती असं डॉक्टर म्हणत नाहीत, आणि नसती वाचली असंही म्हणत नाहीत. लायसन्स एक वर्षासाठी रद्द. इंद्रजीत "थँक यू, सर" म्हणाला. पडदा काळा झाला.

"मी इतकं लिहून दिलं होतं," भावना म्हणाली. रागाने नाही. तिने कागद काढला, चार घड्या केल्या, पर्समध्ये ठेवला. "एक वर्ष. बरं. स्कूटर शिका आधी."

गुलाबरावांनी मेमो बुकातलं वरचं पान फाडून मुलाला दिलं. चारशेचा खांब, उजवा पुढचा पाय, सहा ढांगा. खाली त्यांनी सही करून 'उशिरा कळवले' असं लिहिलं होतं.

"कॉपी माह्याजवळ राहील," ते म्हणाले. मग त्यांनी कार्बन पुढच्या पानाखाली सरकवला आणि पेन्सिल खिशाला लावली.

जेवायला चौघं बसले. कुकर उशिरा लागल्यामुळे डाळ जरा कच्ची होती. इंद्रजीतने दोन घास खाल्ले, मग थांबला. जीभ टाळूला लावून बघितली.

"आई, डाळीत मीठ टाकलं नाही काय?"

कांताबाईंनी चाखून बघितलं. मीठ नव्हतं. त्या मिठाची बरणी आणायला उठल्या आणि स्वयंपाकघरात, ओट्याला धरून, बराच वेळ उभ्या राहिल्या.

"बरणी सापडून नाही राहिली का?" गुलाबराव बाहेरून म्हणाले.

इंद्रजीत पुढचा घास न घेता बसला होता. त्याने हात ताटातून काढून घेतला होता. भावनाने तो आपल्या हातात घेतला. दिवाणाखालची पिशवी तिथून दिसत होती.